माझ्या अंगावरची शिवण

मी पडदा आहे, बालमित्रांनो. खिडकीचा नव्हे आणि नाटकाचाही नव्हे; सिनेमाचा. नाटकातला माझा चुलतभाऊ मखमलीचा असतो, त्याला झालर असते, आणि वर जाणं नि खाली येणं एवढंच त्याचं काम. मला ते सुख नाही. मी आपला चारी बाजूंनी दोरीनं ताणून बांधलेला, अंगाला पांढरा रंग फासलेला, हलायची सोय नाही. एखादं प्रकरण दाबून टाकलं की लोक म्हणतात, ‘त्यावर पडदा टाकला.’ ते ऐकलं की मला वाईट वाटतं. उभ्या जन्मात मी काही झाकलं नाही. माझ्यावर जे टाकलं गेलं ते मी दाखवलं.

माझा जन्म तंबू शिवण्याच्या कारखान्यातला. तिथल्या बायकांनी जाड सुती कापडाचे रुंद पट्टे एकमेकांना इतके बेमालूम जोडले की सांधा कुठे आहे ते बोटालासुद्धा कळत नसे. मग माझ्या अंगभर बारीक भोकं पाडली. लांबून ती दिसत नाहीत, पण ती नसती तर पाठीमागच्या स्पीकरचा आवाज माझ्यातच अडकून बसला असता. शेवटी रंगाचे हात दिले, गुंडाळी केली आणि एका लहान गावातल्या एकुलत्या एक थिएटरात माझी रवानगी झाली.

थिएटरचा मालक मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा आणि तितक्याच मोठ्या मनाचा माणूस होता. मला टांगून झाल्यावर त्यानं आपल्या लहान मुलीला माझ्यासमोर उभं केलं, मागे दिवा धरला आणि उद्घाटन कर म्हणाला. तिनं हात जुळवून बोटांचा कुत्रा केला आणि तो माझ्या अंगभर भुंकत फिरवला. माझ्यावर उमटलेलं ते पहिलं चित्र. मोठमोठे नट आणि नट्या नंतर येऊन गेल्या, पण तो कुत्रा मला अजून आवडतो.

आता एक गंमत सांगतो. मी आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. चित्र माझ्या अंगावर पडतं, माझं तोंड मात्र तुमच्याकडे. सिनेमा तुम्ही पाहता, मी तुम्हाला पाहतो. आवाज पाठीमागून कानावर येतो तेवढाच. पण खरं सांगू, मला कधी काही चुकल्यासारखं वाटलं नाही. कोण मारामारीत घोरतो, कोण लग्नाच्या प्रसंगाला रडतं, कोण रडताना शिंकल्याचं सोंग करतं, सगळं मला पाठ. एकदा ऐन प्रेमाच्या संवादात एक पाल माझ्यावरून चालत नायिकेच्या नाकावर जाऊन बसली. त्या दिवशी लोक इतके हसले की ऑपरेटरनं ते रीळ पुन्हा लावलं. पाल मात्र पुन्हा आली नाही.

मी नवा होतो तेव्हा आमचा देश शेजारच्या देशाशी लढत होता. मुख्य सिनेमाच्या आधी वार्तापट दाखवत. खणखणीत आवाजाचा निवेदक सांगे की आपले जवान नदी ओलांडून गेले, तिकडच्या लोकांनी त्यांचं स्वागत केलं, जवानांनी मुलांना पाव वाटले. लोक टाळ्या वाजवत आणि त्या गर्दीत आपापल्या पोराचा चेहरा शोधत. मग युद्ध संपलं. काही जण परत आले, काही आले नाहीत. जे आले नाहीत त्यांची नावं चौकातल्या उंच दगडावर कोरली गेली आणि दरवर्षी त्या दगडापुढे संचलन होऊ लागलं.

परत आलेल्यांत एक बँडमास्तर होता. गावची पलटण जिकडे गेली तिकडे तिचा बँड गेला होता आणि हा त्या बँडचा प्रमुख. घरी आल्यावर तो गावातल्या मुलांना ट्रंपेट शिकवू लागला. नव्या सिनेमाच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या खेळाला तो बायकोला घेऊन ठरल्या जागी येऊन बसे: चौथी रांग, वाटेकडच्या दोन खुर्च्या, मांडीवर हॅट. पार्श्वसंगीतात ट्रंपेट जरा चढा लागला की त्याच्या भुवया वर जात. बायको त्याच्या कानात काहीतरी पुटपुटे आणि दोघं हसत. असं सुखी जोडपं समोर असलं की पडद्यालाही काम हलकं वाटतं.

वर्षं गेली. मालक वारला आणि त्याची ती मुलगी थिएटर चालवू लागली. तिचेही केस पांढरे होत आले होते. गावात तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. तिकिटं तीच फाडे, खुर्च्यांखाली वाकून कचरा तीच पाही, आणि दर सोमवारी शिडीवर चढून लांब दांड्याच्या मऊ ब्रशनं वरून खाली माझी धूळ झाडे. माझं अंग तेव्हा जरा पिवळसर झालं होतं, पण तिच्या हाताखाली मी कधी दुर्लक्षित नव्हतो.

अशाच एका सकाळी एक सडपातळ तरुण मुलगी मोटारीच्या मागच्या सीटवर रिळांचे डबे घेऊन आली. सिनेमा तिनंच काढला होता. मोठ्या शहरांतल्या थिएटरांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. ती नदीपलीकडे जाऊन आली होती. तिथल्या एका गावातल्या माणसांना आमच्या पलटणीनं गावाबाहेरच्या दगडखाणीत नेलं आणि गोळ्या घातल्या, असं तिथले वाचलेले लोक सांगत होते. त्या माणसांच्या हातात शस्त्र नव्हतं. त्यांत म्हातारे होते, बायका होत्या, तुमच्याएवढी मुलंही होती. आमच्या देशात मात्र हे कुणी मानत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात त्या गावाचं नाव नव्हतं. एक मंत्री तर सभेत हसून म्हणाला होता की ते लोक म्हणे सांगतात, खाणीपाशी बँड वाजत होता. आता असल्या जागी बँड कोण नेतो? सभा हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रंही हसली होती.

बाईंनी ऑपरेटरला यंत्र सुरू करायला लावलं आणि रिकाम्या थिएटरात एकट्या बसून सगळा सिनेमा पाहिला. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. मधे एकदा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावायला विसरल्या. सिनेमा संपल्यावर ऑपरेटर वरच्या खिडकीतून डोकावला. गाव चिडेल असं त्याचं म्हणणं पडलं. बाई म्हणाल्या, चिडेल तर चिडेल, चिडल्यावर बोलेल तरी. रविवारी दुपारचा खेळ ठरला.

थिएटरबाहेरच्या भिंतीवर सिनेमाच्या जाहिरातीचं चित्र लागलं आणि माजी सैनिकांच्या संघटनेची माणसं बाईंना भेटायला आली. बँडमास्तर संघटनेचा अध्यक्ष होता, म्हणून तो पुढे. पण बोलत होता बेकरीवाला. बेकरीवाला स्वतः कधी सैन्यात नव्हता. त्याचे वडील युद्धावर गेले आणि आले नाहीत. चौकातल्या दगडावर पहिलं नाव त्यांचं. मनानं तो चांगला होता. त्याच्या पावाचा वास सकाळी थिएटरच्या मागच्या दारातून माझ्यापर्यंत येई. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज कापत होता. जे मेले ते उठून आपली बाजू मांडू शकत नाहीत, मग त्यांच्यावर असले आळ घ्यायचे का, असं तो विचारत होता. शेवटी त्यानं बँडमास्तरकडे हात केला.

“बँड म्हणे! बँडचे प्रमुख तर आमचे मास्तरच होते. त्यांनाच विचारा ना, बाई.”

बाईंनी खरंच विचारलं. “मास्तर, तुम्ही सांगा, हे असं झालंच नाही. तुम्ही एवढं म्हणालात की मी डबे परत पाठवते.”

बँडमास्तरनं हॅट या हातातून त्या हातात घेतली. तिच्या काठाचा शिवणीचा धागा सुटला होता तो ओढून पाहिला. मग म्हणाला की रविवारी तो नेहमीप्रमाणे येईल, दोन तिकिटं ठेवावीत. एवढं बोलून तो चालू लागला. बेकरीवाला गोंधळून त्याच्या मागे गेला.

रविवारी थिएटर गच्च भरलं. उभं राहायलाही जागा नव्हती. काही जण पाहायला आले होते, काही ओरडायला, काही कोण ओरडतं ते पाहायला. बेकरीवाला पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. चौथ्या रांगेत मास्तर आणि त्यांची बायको. तिनं नवा रुमाल आणला होता.

दिवे गेले. सुरुवातीला तोच जुना वार्तापट होता, तोच खणखणीत निवेदक. लोक खूश झाले. कुणीतरी कुणाला तरी ओळखलं, कोपर मारून शेजाऱ्याला दाखवलं. मग मंत्र्याचा आवाज आला आणि त्याचं ते बँडवरचं हसणं. थिएटरातही थोडे हसले. त्यानंतर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज माझ्या पाठीमागून आला. ती तिच्या भाषेत बोलत होती आणि दिग्दर्शिका तिच्यामागोमाग आपल्या भाषेत सांगत होती. आवाज चढा नव्हता. शेजारणीशी बोलावं तशी ती बोलत होती.

“आम्हाला वाटलं, मिरवणूक आहे. बँड वाजत होता. माझा धाकटा भाऊ माझं बोट धरून त्या तालावर पावलं टाकत होता. मी त्याला म्हटलं, नीट चाल.”

मित्रांनो, मी त्या वेळी चौथ्या रांगेकडे पाहत होतो. मास्तरांची मान खाली गेली होती. उजव्या हाताची तीन बोटं हॅटवर एकामागून एक दाबली जात होती, ट्रंपेटच्या कळा दाबाव्यात तशी. बायको समोर न पाहता त्या बोटांकडे पाहत होती.

इतक्यात बेकरीवाला उठला. दोन ढांगांत तो मंचावर चढला. भट्टीत घालण्याआधी पावावर चिरा पाडायचं एक लहान पातं त्याच्या खिशात नेहमी असे. ते त्यानं माझ्या अंगात घातलं आणि जोर लावून खाली ओढलं.

मला दुखलं असं मी म्हणणार नाही, मला दुखण्याचं अंग नाही. पण ताणून बांधलेलं कापड फाटतं तेव्हा केवढा आवाज होतो! म्हातारीच्या चेहऱ्याचे म्हणे दोन भाग झाले आणि मधून लोकांना पाठीमागचा काळोख दिसू लागला. बायकामाणसं किंचाळली. ऑपरेटरनं यंत्र थांबवलं आणि दिवे लावले. बेकरीवाला पातं हातात धरून तसाच उभा होता. त्यालाच आपण काय केलं ते उमगत नव्हतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“खोटं आहे हे,” तो म्हणाला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला. “मास्तर, सांगा ना यांना. खोटं आहे म्हणून सांगा.”

मास्तर उठून उभे राहिले. हॅट मांडीवरून खाली पडली. सगळं थिएटर त्यांच्याकडे वळलं. मी इतके चेहरे एका वेळी एकाच माणसाकडे वळलेले त्याआधी पाहिले नव्हते, आणि पुढच्या रांगांनी तर त्यासाठी माझ्याकडे पाठ केली.

“बँड होता,” ते म्हणाले. “मी वाजवत होतो. मोठ्यानं वाजवा, थांबू नका, असा हुकूम होता. आवाज गावात जाऊ नये म्हणून.”

कुणीतरी मागून खाली बसा म्हणून ओरडलं. दोन-तीन खुर्च्या धाडकन मिटल्या आणि काही माणसं दाराकडे निघाली. मास्तर त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते मंचावरच्या त्या माणसाकडे पाहत होते.

बेकरीवाल्यानं विचारलं, “आणि माझे बाबा?”

“होते,” मास्तर म्हणाले. “खाणीच्या काठावर, बाकीच्यांबरोबर. बंदूक घेऊन. तुला खोटं सांगणार नाही, बाळा. आजवर सांगितलं नाही, ते मात्र सांगायला हवं होतं.”

मग त्यांनी मान वर करून ऑपरेटरच्या खिडकीकडे पाहिलं. “पुढचं लावा.”

ऑपरेटरनं बाईंकडे पाहिलं. बाई दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी मंचावर जाऊन बेकरीवाल्याला दंडाला धरून खाली आणलं, त्याच्या हातातलं पातं घेऊन आपल्या खिशात टाकलं, त्याला बसवलं आणि मग मान हलवली. दिवे पुन्हा गेले. उरलेला सिनेमा माझ्या फाटक्या अंगावर झाला. जे निघाले होते त्यांतले निम्मे दारातच थांबले आणि उभ्याउभ्या त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

लोक गेल्यावर मास्तर आणि त्यांची बायको तेवढे चौथ्या रांगेत बसून होते. मग तिनं वाकून खुर्चीखालची हॅट काढली, झटकली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

“झोपेत तुमची बोटं हलायची,” ती म्हणाली. “मला आपलं वाटायचं, सराव करताय.”

तिनं त्यांचा हात हातात घेतला नाही आणि ती उठूनही गेली नाही. थोड्या वेळानं म्हणाली की घरी चला, चहा करते. आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगा. दोघं हळूहळू निघून गेली.

पुढचे काही दिवस वाईट गेले, ते लपवत नाही. थिएटरच्या बाहेरच्या चित्रावर कुणी डांबर फासलं. संघटनेनं मास्तरांचं अध्यक्षपद काढून घेतलं. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं राजधानीतल्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं. त्यांच्याकडे ट्रंपेट शिकणाऱ्या काही मुलांच्या आयांनी मुलं पाठवणं थांबवलं. वाण्याच्या दुकानात मास्तर आत शिरले की गप्पा थांबत. हे सगळं मला ऑपरेटरकडून कळे. तो रिकाम्या थिएटरात बाईंना गावच्या बातम्या सांगे आणि मी ऐके.

त्याच आठवड्यात एका सकाळी मागच्या दारानं बेकरीवाला आला. हातात पिठाच्या पोत्यांची तोंडं शिवायची वाकडी सुई होती आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ. बाईंनी त्याला काही विचारलं नाही, शिडी आणून दिली. त्यानं मला पाठीमागून शिवायला घेतलं. मोठा माणूस, जाड बोटं, पण टाका इतका नेमका की मला माझ्या कारखान्यातल्या बायका आठवल्या. एक टाका घालावा, हलकेच ताणावं, बाजूनं वाकून पुढून सुरकुती पडली का ते पाहावं, मग दुसरा. बाई खाली शिडी धरून उभ्या.

निम्मं शिवून झाल्यावर तो बोलू लागला. वडील गेले तेव्हा तो इतका लहान होता की त्यांचा चेहरासुद्धा त्याला फोटोतूनच माहीत. आई त्याला रोज चौकात न्यायची. दगडावरचं वडिलांचं नाव बोटानं गिरवत गिरवत तो अक्षरं शिकला होता.

“आता त्या नावाचं मी काय करू, बाई?” त्यानं विचारलं.

“मला नाही माहीत रे,” त्या म्हणाल्या. “पण तू शिव. शिडी मी धरलीय.”

तो शिवत राहिला. काम झाल्यावर दोघांनी मिळून पुढच्या बाजूनं पातळ पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाचा हात दिला. रंग वाळल्यावर शिवण जवळजवळ दिसेनाशी झाली. जवळजवळच, उजेड तिरका पडला की ती अजून उठून दिसते. बाईंनी त्याचं पातं त्याला परत दिलं. त्यानं ते खिशात न घालता हातातच धरून नेलं. दुसऱ्या दिवशी पावाचा वास मागच्या दारातून पुन्हा येऊ लागला, आणि मला बरं वाटलं.

सिनेमा आणखी दोन रविवार चालला. दुसऱ्या रविवारी मास्तर आले तेव्हा त्यांच्या मागच्या रांगेत कुणी बसेना. तिसऱ्या रविवारी त्यांच्यासारखाच एक म्हातारा, संघटनेतलाच, काठी टेकत आला आणि त्यांच्या शेजारी बसला. “मीही तिथं होतो,” एवढंच तो म्हणाला. मास्तरांनी सरकून त्याला हात टेकायला जागा करून दिली.

दिग्दर्शिका कॅमेरा घेऊन परत आली. मास्तर आमच्याच मंचावर, माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि जे घडलं ते त्यांनी सांगितलं: हुकूम कुणी दिला, बँड कुठे उभा होता, कोणती वाद्यं होती. बायको बाजूला पाण्याचा पेला घेऊन बसली होती. ते बोलणं सिनेमाच्या शेवटी जोडलं गेलं आणि त्यानंतर तो सिनेमा जिथे जिथे लागला तिथे ते ऐकलं गेलं. मंत्र्याला पुन्हा बँडवर हसता आलं नाही. देशाला ‘हो’ म्हणायला आणखी बरीच वर्षं लागली. आधी एक चौकशी झाली, मग दुसरी, आणि एका उन्हाळ्यात शाळेच्या नव्या पुस्तकात त्या गावाचं नाव आलं. एकच परिच्छेद होता. बाईंनी तो ऑपरेटरला मोठ्यानं वाचून दाखवला, म्हणून मीही ऐकला.

त्याच सुमारास नदीपलीकडून एक पाहुणी आली. दिग्दर्शिका तिला हाताला धरून आत घेऊन आली. लहानखुरी, पाठीत वाकलेली म्हातारी. ती बोलू लागली आणि मी आवाज लगेच ओळखला. ती तीन रविवार माझ्या पाठीमागून बोलली होती. तिचा चेहरा मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. कपाळावर बारीक आठ्या होत्या आणि डोळे अगदी स्वच्छ होते.

मास्तर आधीच येऊन बसले होते. ती जवळ आल्यावर ते बायकोच्या आधारानं उठून उभे राहिले. म्हातारी समोरच्या खुर्चीवर त्यांच्याकडे वळून बसली. तिनं एक प्रश्न विचारला आणि दिग्दर्शिकेनं तो आपल्या भाषेत सांगितला.

“ती धून कुठली होती?”

मास्तरांनी नाव सांगितलं. साधीशी कवायतीची धून होती, नवशिक्यांना सगळ्यात आधी शिकवतात ती. मग त्यांनी ती ओठांतल्या ओठांत, अगदी हळू गुणगुणली, दोनच ओळी. म्हातारीनं डोळे मिटले. दुसऱ्या ओळीपाशी तिची मान हलू लागली.

“म्हणजे मला बरोबर आठवत होतं,” ती म्हणाली. “सगळे सांगायचे, बँड नव्हताच. मला वाटायला लागलं होतं की ही धून माझ्याच डोक्यानं रचलीय. मग भाऊ तरी होता की नाही, अशी शंका यायची.”

मास्तर रडू लागले. त्यांनी माफी मागितली. तिनं माफ केलं असं म्हटलं नाही, आणि नाही असंही म्हटलं नाही. त्यांनी भर थिएटरात उभं राहून ‘होता’ म्हटलं, तेवढ्यासाठी आपण इतक्या लांब आलो, असं ती म्हणाली. मग पाण्याचा पेला मागितला आणि या खुर्च्या फार टणक आहेत अशी तक्रार केली. बाईंनी लगबगीनं उशी आणून दिली.

दारापाशी बेकरीवाला उभा होता. त्याचेही केस आता पिकले होते. ताज्या पावांची पिशवी त्यानं आणली होती, पण ती पुढे करायचा त्याला धीर होत नव्हता. शेवटी त्यानं दिग्दर्शिकेला विचारायला सांगितलं की त्या खाणीपाशी बाहेरच्या माणसाला जाता येतं का. म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, गावातून बस जाते. तो पुढच्याच महिन्यात गेला. त्या वर्षीपासून चौकातल्या संचलनाआधी त्या गावाचं नावही वाचावं असा हट्ट त्यानं धरला, आणि तो पुरवला गेला.

आता बाई नाहीत, मास्तर नाहीत. थिएटरात नवा, माझ्याहून रुंद, चकचकीत पडदा आला. मला वाटलं, आता माझी पोती होणार. पण बेकरीवाल्यानं मला मागून घेतलं आणि गावच्या शाळेला दिलं. मी सध्या शाळेच्या सभागृहात आहे. काठ कापून मला थोडं लहान केलंय, त्यामुळे हलकंही वाटतं. शनिवारी सकाळी मुलं सतरंजीवर दाटीवाटीनं बसतात. कधी प्राण्यांचे सिनेमे लागतात, कधी विनोदी, आणि वर्षातून एकदा तोही लागतो. मुलांचे चेहरे पाहण्यात माझा वेळ फार छान जातो. म्हातारपणी याहून वेगळं काय हवं?

मित्रांनो, जाता जाता थोडं मागणं मागतो. मला ओल्या फडक्यानं पुसू नका, माझा रंग उतरतो. कोरडा मऊ ब्रश वरून खाली फिरवा. भोकांत पेन्सिली खुपसू नका. चिकटपट्टी लावू नका. शिवणीला हात लावावासा वाटला तर लावा, पण हलक्या हातानं, ती मनापासून घातलेली आहे. आणि कधी माझ्यावर असा चेहरा आला की ज्याच्याकडे पाहवत नाही, तर लगेच उठून जाऊ नका, त्याचं बोलणं पुरतं ऐका. घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा की तेव्हा काय झालं होतं. ते सांगू लागले तर मधे बोलू नका. ते गप्प राहिले, तर त्यांच्याजवळ थोडा वेळ बसून राहा.